पाच नंबरचं पिंप

फोडणीत हिंग पडला आणि सोलांजबाईंनी स्वयंपाकघराच्या तिन्ही खिडक्या धडाधड उघडल्या.

"काय जळलं?" एप्रनचं टोक नाकाला लावून त्यांनी विचारलं.

"जळलं काही नाही. हिंग आहे. आमच्याकडे वरणात घालतात."

"खायच्या वरणात?"

"मग काय, अंगाला लावायच्या?" मी म्हटलं. हे सगळं माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये, त्यामुळे विनोद वाटेतच सांडला.

नोव्हेंबर चालू होता, बाहेर हाडं गोठवणारा गारठा. सोलांजबाईंचे यजमान रेमों शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसले होते. निघताना आईनं दिलेली ती हिंगाची डबी अशी होती की, निफाडच्या आमच्या घरात ती उघडली तर बाहेर ओट्यावर बसलेला माणूस शिंकायचा.

"सोलांज, खिडक्या कशाला उघडल्यास?" पेपराआडून आवाज आला. "थंडी वाजतेय."

मला हसू आलं. "पात्रों, तुम्हाला वास नाही आला?" पात्रों म्हणजे मालक. बागेतले सगळे मजूर त्यांना तसंच म्हणायचे, म्हणून मीही.

पेपर जागचा हलला नाही. सोलांजबाईंनी माझं कोपर धरलं. "चल, लाकडं आणायचीत," म्हणाल्या आणि मला अंगणात ओढून घेऊन गेल्या. लाकडं सकाळीच आणून झाली होती.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. आमच्या नाशिककडे वाइनचे कारखाने नुकते कुठे उभे राहायला लागले होते, आणि द्राक्षाच्या घरात जन्मलो म्हणजे वाइनमधलंही आपल्याला कळणारच, अशी माझी समजूत होती. कृषी कॉलेजातून एका योजनेत नऊ महिन्यांसाठी नाव लागलं आणि मी शाँबेरोला येऊन पडलो. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या दक्षिण टोकाला चाळीस-पंचेचाळीस उंबऱ्यांचं गाव. एक चर्च, आठवड्यातून तीन दिवस उघडणारी एक बेकरी, आणि प्रत्येक घराखाली एक तळघर. ज्याच्याकडे बाग नाही असा माणूस म्हणजे फक्त पाद्री, आणि त्याच्याही परसात चार ओळी वेली होत्या.

या गावात पात्रोंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. दर जानेवारीत सगळी घरं आपापल्या नव्या वाइनचे नमुने त्यांच्याकडे घेऊन यायची. कुठलं पिंप आता बाटलीत भरायचं, कुठलं कशात मिसळायचं, कुठलं अजून वर्षभर पडू द्यायचं, ते पात्रों वास घेऊन सांगायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील सांगायचे. पैसे कुणी देत नसे, ते घेतही नसत. तो मान हीच त्यांची मिळकत होती म्हणा ना.

आणि अंगणात, लाकडांच्या ढिगाआड, सोलांजबाई मला सांगत होत्या की या माणसाला वासच येत नाही.

"नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "उतारावर ट्रॅक्टर उलटला. डोकं दगडावर आपटलं. बाकी सगळं भरून आलं, हे नाही आलं."

"मग नमुने?"

"लोक आले की तो म्हणतो, ठेवून जा, मला शांतपणे बसू दे. ते गेले की मी वास घेते आणि सांगते. जिभेचं त्याचं त्याला कळतं. दोन्ही मिळून तो ठरवतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गावाला माहीत नाही. कळलं तर तो खचेल, बानु. बाकी काही नाही आमच्याकडे, मूलबाळही नाही. हे एवढंच आहे."

माझं नाव भानुदास बोरस्ते. त्यांच्या जिभेला भ झेपत नव्हता.

मी शपथ घेतली. आईची घेतली, आणि त्यांना समजावं म्हणून छातीवर क्रूसही काढून दाखवला. त्या हसल्या आणि हिंगाच्या वरणाची एक अख्खी वाटी, तोंड वाकडं न करता, संपवली.

आता पिंपांचं सांगतो, कारण त्यातच सगळं आहे. लाकडी पिंपातली वाइन आठवड्या-पंधरवड्याला थोडी उडून जाते. जेवढी उडाली तेवढी वरून भरायची, पिंप गळ्यापर्यंत भरलेलं ठेवायचं आणि बूच ठोकून बसवायचं. आत हवा राहिली की वाइन बिघडायला लागते. पात्रोंच्या तळघरात अकरा पिंपं होती आणि ती भरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. कंटाळवाणं काम. मला तर वाटायचं, आपण शिकायला आलोय की पाणक्याचं काम करायला.

नाताळात मी चार दिवसांची सुट्टी घेऊन लिओं शहरात गेलो. तिथं पिंपळगावचा माझा एक मित्र हॉटेलात भांडी घासायचा. चार महिन्यांनी मराठी कानावर पडली. चाराचे अकरा दिवस कधी झाले कळलं नाही. परत आलो तर तळघरात पाच नंबरच्या पिंपाचं बूच सैल. जाताना घाईत मीच नीट ठोकलं नव्हतं. सोलांजबाई पिंपाशी उभ्या होत्या.

"वास घे," त्या म्हणाल्या.

मी नाक नेलं. नेलपॉलिश. बहिणी नखं रंगवायला बसल्या की घरात सुटतो, तो वास. जिभेवर फारसा फरक कळत नव्हता, तिथली कोवळी वाइन तशीही आंबटच असते. पण नाक असलेल्या माणसानं तो पेला तोंडाजवळही नेला नसता.

"पात्रोंना सांगितलंत?"

"नाही. सांगितलं तर तो तुला उद्याच्या गाडीत बसवेल. बापाच्या वेळेपासून या तळघरात पिंप बिघडलेलं नाही." त्यांनी बूच ठोकून बसवलं. "मार्चमध्ये मी त्याचं व्हिनेगर करून टाकीन. सांगीन की पिंपच गळकं निघालं."

"मादाम, तुम्ही माझ्यासाठी..."

"जा, हातपाय धू. सूप गार होतंय."

एवढं त्यांनी माझ्यासाठी केलं होतं. हे लक्षात ठेवा.

गावाचा मोठा सण बावीस जानेवारीला. द्राक्षबागा राखणाऱ्या संताचा दिवस, साँ व्हाँसाँ. त्या संताची लाकडी मूर्ती गावात घरोघर फिरते. एकेका घरी एकेक वर्ष मुक्काम. सणाच्या दिवशी चर्चमधून मिरवत मूर्ती नव्या घरी आणतात, आणि त्या घरानं सगळ्या जाणत्यांना जेवू घालायचं आणि स्वतःची नवी वाइन पाजायची. त्या वर्षी पाळी पात्रोंच्या घरची होती. चव्वेचाळीस घरं फिरून आलेली पाळी. पुढची बघायला आपण नसणार, हे त्यांना ठाऊक होतं. आठ दिवस आधीपासून ते कोट झटकून घडी करून ठेवत होते.

सणाच्या दोन दिवस आधी नमुने आले. अंगणात बाकावर वीस-बावीस बाटल्या, भोवती टोप्या घातलेले म्हातारे-कोतारे. त्यात लुसियाँ पुढे. हा पात्रोंचा शाळेपासूनचा मित्र आणि तेवढाच जुना भांडखोर, सबंध गावात पात्रोंना उलट बोलणारा एकटाच. त्याच्या बाटलीतली वाइन मी सहज पेल्यात ओतली, हुंगली आणि, कुणी विचारलं नव्हतं तरी, म्हणालो, "याला गंधकाचा वास येतोय. एका पिंपातून दुसऱ्यात ओतून हवा द्यायला पाहिजे."

पात्रोंनी माझ्या हातातला पेला काढून घेतला.

"बानु, तुमच्याकडे द्राक्षं मीठ-मिरची लावून खातात म्हणालास ना?"

"हो, म्हणजे, कच्ची असली तर..."

"मग आधी वर्षभर नुसतं चाखून थुंकायला शीक. बोलायला पुढच्या वर्षी."

अंगण खदखदून हसलं. मीही हसलो, दात दाखवून. दुसरं काय करणार? कानशिलं मात्र तापली होती.

तेवढ्यावर मिटलं असतं. पण दुपारी लुसियाँ निवाडा ऐकायला आला, तेव्हा मी ओसरीत बूट पुसत बसलो होतो. पात्रों त्याला सांगत होते, "गंधक आहे, लुसियाँ. एकदा दुसऱ्या पिंपात ओत, हवा लागू दे. फेब्रुवारीत छान होईल." माझंच वाक्य, शब्दाला शब्द. सोलांजबाईंच्या नाकालाही तेच जाणवलं असणार, हे मला कळत होतं. आणि लुसियाँनं टोपी काढून म्हटलं, "याला म्हणतात नाक."

टोपी काढली, तिथं माझं डोकं फिरलं. अरे, ज्याला हिंग कळत नाही त्याच्यासाठी टोपी? दोन रात्री मी हेच घोकत होतो.

बावीस तारखेला ऊन पडलं होतं. मिरवणूक आली, मूर्ती दिवाणखान्यातल्या कोनाड्यात बसली. लांब टेबलाभोवती चौदा माणसं. पात्रों मधोमध, कोटाच्या बटणात द्राक्षवेलीची काटकी खोचलेली. सकाळपासून ते मला तिथली रीत समजावत होते. यजमानानं पहिला पेला हुंगून यंदाच्या वाइनला कसला वास आहे ते सांगायचं, मग सगळ्यांनी प्यायची आणि यजमानाला खोटं पाडायचं. यजमान म्हणाला सफरचंद, तर एकानं म्हणायचं लिंबू, दुसऱ्यानं म्हणायचं तुझे मोजे. जितकी ओढाताण जास्त तितका मान मोठा.

"लुसियाँ आज मला सोडत नाही बघ," असं सांगताना पात्रोंना कोण आनंद झाला होता. "चव्वेचाळीस वर्षांपूर्वी माझ्या बापाला त्याचा बाप म्हणाला होता, ओल्या कुत्र्याचा वास येतोय. बाप मरेपर्यंत ते सांगून हसायचा."

सोलांजबाई स्वयंपाकघरात अडकल्या होत्या. पहाटेच त्यांनी तळघरात जाऊन दोन नंबरचं पिंप हुंगलं होतं आणि कसला वास आहे ते पात्रोंच्या कानात सांगितलं होतं. आता वाइन वर आणायची होती. पात्रोंनी खिशातून तळघराची किल्ली काढली आणि मला हाक मारली.

"सुरई घे. दोन नंबर. आज तू भर."

एक-दोघांनी माना वळवल्या. त्या दिवशीची पहिली सुरई घरातला मुलगा भरतो, हे मला नंतर कळलं. परवाच्या बोलण्याची भरपाई ते अशी करत होते. तेव्हा मला एवढंच वाटलं की पाणक्याला हुकूम सुटला.

तळघरात दोन नंबरचं पिंप जिन्याला लागूनच होतं. मी त्याच्यापुढून चालत गेलो. त्याचं बूचसुद्धा काढलं नाही. सरळ पाच नंबरशी गेलो, नळी घातली आणि सुरई काठोकाठ भरली. वरून हसण्याचा आवाज येत होता, आणि मी मनात म्हणत होतो, हसा लेको, आता बघू कुणाचं नाक ते. चूक झाली, धांदल झाली, अंधार होता, असं मी पुढे कित्येकांना सांगितलंय. यातलं काही खरं नाही. मला त्या माणसाला चारचौघांत उताणं पाडायचं होतं, बास.

पात्रोंनी पेला भरला, उजेडात धरला, गोल फिरवला. डोळे मिटून नाकाखाली नेला. ते इतकं हुबेहूब करायचे की माझ्यासारख्या माहीतगारालाही क्षणभर खरं वाटावं.

"पीच," ते म्हणाले. "पांढरं पीच. झाडावर पिकलेलं."

सुरई फिरली, पेले भरले. मी कोनाड्याजवळ भिंतीला टेकून बघत होतो. लुसियाँनं पेला नाकाजवळ नेला आणि त्याचा हात तिथंच थांबला. शेजारच्यानं हुंगलं, त्याच्या शेजारच्यानं हुंगलं. चौदा माणसांवरून ती शांतता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली. नेलपॉलिशचा वास मला भिंतीपर्यंत येत होता.

आता लुसियाँ बोलणार, असं मला वाटलं. छाती धडधडत होती, आणि खरं सांगतो, मजेनं धडधडत होती.

लुसियाँनं पेला तोंडाला लावला आणि खळखळ शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.

"पीच," तो म्हणाला. "बरोबर आहे."

त्याच्या शेजारच्यानं प्यायली. "पीच."

"पीचच की."

"मस्त पीच, रेमों."

एकामागून एक सगळ्यांनी तो घाण पेला रिकामा केला. पाद्र्यानंसुद्धा. एका म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं रुमालानं टिपलं आणि म्हणाली, "माझ्या माहेरी असंच पीच होतं." माझी मजा कुठल्या कुठे पळाली. त्या टेबलावर जे चाललं होतं त्यासारखं काही मी आजवर बघितलेलं नव्हतं, आणि ते मी घडवून आणलं होतं.

इतक्यात सोलांजबाई मांसाचं भलंमोठं पातेलं घेऊन आल्या. दारातच त्यांच्या नाकाला कळलं. त्यांनी टेबलाकडे बघितलं, रिकाम्या पेल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. पातेलं खाली ठेवून त्यांनी पात्रोंच्या हातातला पेला घेतला, एक घोट प्यायल्या आणि म्हणाल्या, "सांगितलं होतं ना मी, यंदा पीच."

पात्रों हसत होते. हसू हळूहळू विरत गेलं. ते एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"लिंबू कुणीच नाही म्हणत?" त्यांनी विचारलं.

पाद्र्यानं पाव मोडायला घेतला.

"मोजे? ओलं कुत्रं?" ते लुसियाँकडे वळले. "लुसियाँ, पासष्ट वर्षांत तू एकदा तरी मला बरोबर म्हणालायस?"

लुसियाँ टोपीची कड चिवडत बसला.

"काय आहे या पेल्यात?"

"पीच," लुसियाँ म्हणाला, पण त्याचा आवाज फाटला.

पात्रोंनी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. "किती वर्षं झाली तुम्हाला कळून?"

लुसियाँनं टोपी टेबलावर ठेवली.

"नऊ," लुसियाँ म्हणाला. "दवाखान्यातून आल्यावर तू माझ्याकडे बसला होतास. आत चुलीवर दूध करपत होतं. घर धुरानं भरलं आणि तू आपला छाटणीबद्दल बोलतोयस."

"मग नमुने कशाला आणत होतात?"

"निवाडा बरोबर यायचा म्हणून," लुसियाँ म्हणाला. "नाक तुमच्या दोघांपैकी कुणाचंही असू दे. आणि तुझ्याकडे नाही यायचं तर कुणाकडे यायचं, रेमों?"

पात्रोंनी सुरईकडे बघितलं. "ही कुणी भरली?"

"मी," सोलांजबाई म्हणाल्या. "घाईत पिंप चुकलं. माझी चूक."

मी भिंतीशी उभा होतो. दोन पावलं पुढे यायचं आणि तीन शब्द बोलायचे. तेवढी फ्रेंच मला येत होती. मी जमिनीकडे बघत राहिलो. पात्रों उठले, कोटाचं बटण लावलं, पाहुण्यांना म्हणाले, "जेवा, गार होतंय," आणि वर आपल्या खोलीत निघून गेले. लोक जेवले. जेवणं भागच होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाच नंबरचं पिंप रिकामं केलं आणि गरम पाण्यानं तीनदा धुतलं. कुणी सांगितलं नव्हतं. मग स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

"मादाम, मी..."

"पिंप उन्हात ठेवलंस का?" त्या कांदा चिरत होत्या.

"ठेवलं. मादाम, मला..."

"बानु, मला नको सांगूस," त्या म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. "मला तुझ्यावर राग धरायचा नाहीये आणि तू बोललास तर धरावा लागेल."

माझे अजून साडेतीन महिने बाकी होते. मी म्हटलं, घरी वडिलांची तब्येत बरी नाही, जावं लागेल. वडील ठणठणीत होते. कुणी थांब म्हणालं नाही, कुणी जाही म्हणालं नाही. निघायच्या सकाळी सोलांजबाईंनी पाव आणि चीज कागदात बांधून दिलं, आणि स्टेशनवर सोडायला पात्रों स्वतः निघाले. चार दिवस ते खोलीबाहेर क्वचितच आले होते. दाढी वाढली होती.

मोटारीनं वीस मिनिटांचा रस्ता. बागांमधून छाटलेल्या काटक्या जाळल्याचा धूर येत होता.

"सुरई तू भरलीस," मग म्हणाले.

"हो."

"पाच नंबरमधून."

"हो."

"सोलांज चाळीस वर्षांत पिंप चुकलेली नाही."

मी शिव्यांची वाट बघत होतो. खाल्ल्या असत्या, बरं वाटलं असतं.

"बरं केलंस," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"नऊ वर्षं सगळं गाव माझ्याशी खोटं वागलं. चांगल्या मनानं वागलं, कळतं मला. पण खोटंच ना? तू परक्या मुलखातला पोरगा. तुला ते बघवलं नाही. तोंडावर सांगायची हिंमत होईना, म्हणून सुरईतून सांगितलंस. रागावलो होतो मी. चार दिवस विचार केला. माझ्याशी सरळ वागलेला तू एकटाच."

नाही म्हणायला हवं होतं. पात्रों, असं काही नव्हतं, मला तुमचा सूड घ्यायचा होता, पिंपही माझ्यामुळेच बिघडलं आणि तुमच्या बायकोनं मला झाकलं, एवढं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हो, पात्रों."

त्यांनी मान हलवली. स्टेशन आलं. दोन फलाटांचं एवढंसं स्टेशन, माणूस नव्हतं. त्यांनी माझी बॅग उतरवू दिली नाही, स्वतः उचलली.

"म्हणून तुला एक विचारतो," बाकावर बसत ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला विचारण्यात अर्थ राहिला नाही. सोलांजलाही नाही. ती पण त्या दिवशी पीच म्हणाली, सगळ्यांच्या देखत, तो घोट गिळून. आता मला कसं कळावं, नऊ वर्षांत तिनं काय काय म्हटलं ते?" त्यांनी टोपी सरळ केली. "दोन नंबरचं पिंप. बाग मी आता लुसियाँच्या लेकीला कसायला देतोय, म्हणजे ते माझं शेवटचं. त्याला खरंच पीचचा वास आहे?"

मी ते पिंप हुंगलंच नव्हतं. महिन्याभरात एकदाही नाही. त्या दिवशी त्याच्यापुढून चालत गेलो होतो.

"आहे," मी म्हटलं. "पांढरं पीच. झाडावर पिकलेलं." आणि तेवढ्यानं खरं वाटणार नाही म्हणून पुढे म्हटलं, "आणि मागून जरासा बदाम."

"बदाम?"

"जरासाच."

पात्रोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बदाम माझ्या बापाच्या वाइनला यायचा," ते म्हणाले. "त्याच पिंपातल्या." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला होता.

मग तो चेहरा जरा कठोर झाला.

"घरी गेल्यावर सोलांजला विचारतो," ते म्हणाले, "की बदाम माझ्यापासून का लपवलास."

गाडी यायला अजून अकरा मिनिटं होती. मी रुळांकडे बघत बसलो.